तात्या गप्प झाले तेव्हा

तात्यांनी कानात सांगितलेली गोष्ट अख्ख्या मार्गासनी गावाला कळते. उगाच नाही म्हणत मी. एका रविवारी आमच्या अंगणात पुण्याची माणसं पिठलं-भाकरी खायला बसलेली, मी वाढत होते. तात्या जवळ आले, इकडंतिकडं बघितलं, तोंडाशी हाताचा आडोसा धरला आणि अगदी गुपित सांगावं तसं माझ्या कानाशी म्हणाले, "वैनी, लुगड्याला मागनं श्यान लागलंय!" सगळ्या पंगतीच्या माना वळल्या. बांधलेला कुत्रा उठून भुंकायला लागला. पिठल्याचं पातेलं तिथंच टेकवून मी जी आत गेले ती गाड्या गेल्यावरच बाहेर आले.

तात्या म्हणजे आमच्या तबेल्यावरचं मुख्य माणूस. मूळचे वरवे बुद्रुकचे. उमेदीची सगळी वर्षं हायवेच्या अंगाला खडी फोडायच्या मशीनवर गेली, बायको गेली, पोरगा पुण्याला गेला आणि तात्या आमच्याकडं आले. आता आमच्याकडं तबेला का, तर आमच्या ह्यांना निवृत्त झाल्यावर घोड्यांचं खूळ लागलं. लोक निवृत्त झाल्यावर देवदेव करतात, गुलाबाची कलमं लावतात. ह्यांनी वेल्ह्याच्या रस्त्याला घरच्या रानात पत्र्याचा तबेला उभा केला आणि म्हणाले, पुण्याच्या लोकांना घोड्यावर बसायला शिकवू. स्वतः दोनदा पडले. तेव्हापासून कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसून शिकवतात.

तर ह्यांनी खुर्चीत बसून सांगायचं आणि तात्यांनी ते ओरडायचं, अशी वाटणी होती. ओढ्यापलीकडं गेलेल्या घोडेस्वाराला तात्या फाटकातनं सांगत, "लगाम ढिला सोडा वो ताई! जनावराचं त्वांड फाडताय का?" ती ताई हळूच लगाम सोडायची. तिच्याबरोबर पलीकडच्या शिवारातला नांगरणारा माणूसही दचकून कासरा सोडायचा.

त्यांचं एक पालुपद होतं. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, "त्येच म्हणतो म्या!" एका बाईंनी घाबरत घाबरत विचारलं, "घोडा चावत तर नाही ना?" तात्या आनंदानं म्हणाले, "त्येच म्हणतो म्या!" बाई गाडीत जाऊन बसल्या, त्या काच खाली करेनात.

मोबाईलचं तर विचारूच नका. मोबाईल कानाला लावलेला मी कधी बघितला नाही. पुरीच्या ताटलीसारखा तोंडासमोर आडवा धरायचा, आपलं सगळं बोलून घ्यायचं आणि बंद करून खिशात टाकायचा. मी म्हटलं, "अहो तात्या, पोरगा काय म्हणाला ते तरी ऐका." तात्या म्हणाले, "त्यो काय म्हननार? म्याच सांगितलं न्हवं त्याला!" पोराकडं एकदा राहायला गेले होते. चार दिवसांत परत. सोसायटीतले लोक दारात आले म्हणे, भांडण सोडवायला. घरात भांडण नव्हतंच, तात्या नातवाला चिऊकाऊची गोष्ट सांगत होते.

आणि शिवऱ्याला ह्यांच्या आत्यांचे यजमान वारले तेव्हा ह्या माणसाला बरोबर न्यायची बुद्धी मला कुठून झाली कोण जाणे! मुंडण केलेला मुलगा समोर हात जोडून उभा, आणि तात्यांनी माझ्या कानात विचारलं, "ह्यो पयलीचा का दुसरीचा?" रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. आत्याबाई स्वतः दुसऱ्या. तिथून मी तोंडावर पदर घेऊन बाहेर पडले, लोकांना वाटलं मला शोक आवरेना.

घोड्यांनाही ह्या आवाजाची सवय झाली नव्हती. खायला-प्यायला हाच माणूस घालायचा, खरारा हाच करायचा, तरी तात्या आत शिरले की सगळे घोडे कान मागं टाकून भिंतीला लागायचे. तात्या हसत म्हणायचे, "लई लाजत्यात माजी लेकरं!" पण ते हसणं मला कधी खरं वाटलं नाही.

मग ह्यांनी भोरच्या बाजूची एक घोडी आणली. वरातीतली. जन्म सगळा बँड, ताशा आणि डीजेपुढं नाचण्यात गेलेला. हल्ली नवरदेव जीपच्या टपावर उभे राहतात, म्हणून मालकानं विकली. नाव डिस्को! तात्यांना ते नाव मुळीच पसंत नव्हतं. "बाईमान्साला ह्ये काय नाव हाय का?" असं म्हणून ते तिला नुसतं 'बाय' म्हणायचे.

पहिल्या दिवशी ती टेम्पोतून उतरल्याबरोबर तात्या तिच्या तोंडावरच गरजले, "आली का माजी बाय!" बाकीचे घोडे भिंतीला लागले. ही पुढं आली आणि सरळ तात्यांच्या छातीला कपाळ लावून उभी राहिली. डीजेच्या भिंतीपुढं उभी राहिलेली ती, तिला तात्यांच्या आवाजाचं काय! पण तात्या जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळानं माझ्याकडं वळून म्हणाले, "वैनी, ही मागं सरली न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

त्यानंतर दोघांचं असं जमलं की बघत राहावं. तात्या दिवसभर तिच्याशी बोलायचे, आणि ते आम्हाला सगळ्यांना ऐकावं लागायचं. बायकोच्या आजारपणापासून वरव्याच्या बांधाच्या भांडणापर्यंत सगळं. घोडी कान त्यांच्याकडं करून उभी.

महिनाही झाला नसेल. एके सकाळी मी तबेल्यात गेले तर डिस्को चारी पाय फाकवून लाकडाची असल्यासारखी उभी. शेपूट ताठ, मान ताठ, कान ताठ. डोळ्यावर आतून पांढरा पडदा येत होता-जात होता. तात्या तिच्या तोंडाशी गूळ धरून उभे होते, आणि तिला तोंड उघडता येत नव्हतं.

नसरापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण मुलगा, पण भला. मागच्या खुरात जुना खिळा रुतल्याची खूण सापडली, वरून बुजलेली. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, किंवा त्यालाही माहीत नसेल. डॉक्टर म्हणाले, "धनुर्वात आहे. औषधं देतो. पण खरं औषध म्हणजे अंधार आणि शांतता. जरा आवाज झाला, उजेड पडला, की झटका येणार. झटक्यात पडली तर पुन्हा उठायची नाही. उभी राहिली तर जगेल."

शांतता म्हटल्याबरोबर आम्ही सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. कुणी मुद्दाम नाही बघितलं, माना आपोआप वळल्या.

ह्यांचं म्हणणं, तात्यांना वरव्याला धाडून देऊ. मी तात्यांसमोर उभी राहिले आणि सगळं समजावलं. ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी आपला पंजा स्वतःच्या तोंडावर दाबला आणि मान हलवली. म्हणजे मी जाणार नाही, आणि बोलणारही नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस संध्याकाळपर्यंत फुटतो.

तात्या फुटले नाहीत. कुजबुजसुद्धा नाही. चहा हवा तर पेला दाखवायचे, भाकरी हवी तर बोटं. तबेल्याच्या कोपऱ्यातल्या तिच्या खोलीच्या फटींना त्यांनी गोणपाटं ठोकली नाहीत, ठोकायचा आवाज नको म्हणून सुतळीनं बांधली. घोडीच्या कानात कापसाचे बोळे घातले. फाटकाच्या कडीला चिंध्या गुंडाळल्या. आमचा कोंबडा आणि कुत्रा पहाटेच्या आत शेजारच्या वाडीला पोचवले. माझा कुकर जप्त केला, वरण मी परसाच्या टोकाला चुलीवर शिजवायची. मिक्सर कपाटात गेला. ह्यांना शिंक आली की हे कमरेचा पट्टा धरून रस्त्यापर्यंत पळत जायचे.

एसटी आमच्या वळणावर हॉर्न देते. तात्या भर रस्त्यात दोन्ही हात वर करून उभे राहिले. एसटी थांबली. तात्यांनी ड्रायव्हरला हात जोडले, भोंग्याकडं बोट दाखवलं, तबेल्याकडं दाखवलं. ड्रायव्हर त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारा. तात्या काहीच ओरडले नाहीत हे बघून तो इतका घाबरला की खाली उतरून मला विचारायला आला, "ताई, तात्यांना वारं गेलं का काय अंगावरनं?" मी सगळं सांगितल्यावर तो पाय न वाजवता परत गेला. त्यानंतर एकाही एसटीनं तिथं हॉर्न दिला नाही.

पण खरी भीती होती ती वाडीतल्या लग्नाची. वरात आमच्याच फाटकावरून जाणार, ट्रॅक्टरवर डीजे. हे नवरदेवाच्या वडिलांना भेटायला गेले, तात्या मागं मुके उभे. त्या गृहस्थांनी घोडीचं नाव विचारलं. "डिस्को?" म्हणाले, "आवो, आमच्या थोरल्याला हिच्यावरच बसिवला व्हता." आणि दुसऱ्या दिवशी वरात आमच्या वळणाला आली तेव्हा डीजे बंद झाला. ट्रॅक्टरही बंद करून पोरांनी ढकलत नेला, मागनं जीपही. नटलेल्या बायका चपला हातात घेऊन चालल्या होत्या. नवरदेव जीपच्या टपावर फेटा सांभाळत बसून होता. इतकी माणसं माझ्या फाटकावरून गेली आणि पैंजणाशिवाय काही वाजलं नाही.

घोडी उभी होती. तात्या गव्हाच्या कोंड्याची पातळ पेज करायचे आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून बोटानं थोडी थोडी आत सोडायचे. बरीचशी खाली सांडायची. बादली तिच्या छातीच्या उंचीला टांगलेली, कारण मान खाली होत नव्हती. तात्यांची पाठ वाकली, डोळे खोल गेले. त्या खोलीच्या दाराबाहेर पोतं टाकून तिथंच ते बसायचे.

एकदा उजाडता मी चहा घेऊन गेले, तर तात्यांच्या मनगटाला सुती दोरी बांधलेली. दोरी दाराखालून आत गेली होती. मी गोणपाट किंचित सरकवून बघितलं, तर दुसरं टोक घोडीच्या तोंडावरच्या म्होरकीला. मी हातानंच विचारलं, हे काय? तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. शेवटी एक बोट कानाला लावलं आणि हात हलवला. नाही.

मला आधी कळेचना. त्यांनी पुन्हा कानाला बोट लावलं, मग दोन्ही मुठी एकमेकींवर आपटून खडी फोडायचं मशीन दाखवलं. ऐकू येत नाही. घोडी आत पडली तरी ह्या माणसाला कळणार नव्हतं, म्हणून ती दोरी. ती हलली तर मनगट ओढलं जावं. आणि बोलायचं का थांबवलं तेही तेव्हा कळलं. आपल्या तोंडून आवाज किती निघतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घराकडं बोट केलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. साहेबांना सांगू नका. बहिऱ्या माणसाला घोड्यांवर कोण ठेवेल, ही भीती. मला रडू आलं, आणि संतापही आला. इतकी वर्षं त्या मशीनपाशी माणसं उभी केली, त्यांच्या कानांत कापसाचा बोळा घालावा असं कुणाला वाटलं नाही!

मी ह्यांना काही सांगितलं नाही.

नंतर डॉक्टर जरा हसतमुख दिसायला लागले. जबडा बोटभर सैल झाला होता. डिस्कोनं तात्यांच्या हातून ओलं गवत ओढून घेतलं, तेव्हा तात्या बाहेर येऊन माझ्यासमोर नुसते हात पसरून उभे राहिले, लहान मुलासारखे.

त्यानंतर एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. कुठं काही वाजलं नव्हतं, वारासुद्धा नव्हता. आणि ती ओरडली. घोडं असं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. लांब, फाटका, माणसासारखा आवाज. हे रस्त्यावरून पळत आले. पलीकडच्या शिवारातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. मी पोचले तेव्हा ती आडवी पडलेली, पाय काठ्यांसारखे ताठ, आणि तात्या तिच्या मानेखाली अर्धे अडकलेले, तिचं डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून मांडीवर धरून. दोरीनं मनगटाचं सालटं निघालं होतं. त्यांचे ओठ तिच्या कानाशी हलत होते. आवाज काढत नव्हते.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि मान हलवली. शेवटचं इंजेक्शन दिलं. तात्यांनी तिच्या कानांतले बोळे काढले आणि खिशात ठेवले.

रानाच्या कडेला जेसीबीनं खड्डा काढला. आता आवाजाला कुणाची ना नव्हती. शिवारातली माणसं आली होती, एसटीचा तो ड्रायव्हरही गाडी लावून आला होता. तात्या खड्ड्याशी उभे होते. मग ते माझ्याकडं आले आणि कितीतरी दिवसांनी बोलले. त्याच जुन्या आवाजात. जेसीबीवाल्यानंसुद्धा इंजिन बंद केलं.

"वैनी! पडताना वरडली का वो ती?"

तिथल्या बहुतेक माणसांनी ते ओरडणं ऐकलं होतं. तात्यांनी माझ्याकडं एक पाऊल टाकलं आणि सगळ्यांसमोर, ह्यांच्यासमोर, कानामागं हात धरून कान माझ्या तोंडाजवळ आणला.

मला ते ओरडून सांगावं लागलं. "न्हाई तात्या! हूं की चूं केलं न्हाई तिनं! गुमान गेली!"

त्यांचा विश्वास बसला नसावा. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. आमच्या ह्यांना जन्मात धड खोटं बोलता आलेलं नाही. ह्यांनी हात वर केला आणि नाही, नाही असा हलवला. मग जेसीबीवाल्यानं मान हलवली, ड्रायव्हरनं हलवली, बांधावरच्या माणसांनी हलवली. तात्या एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि फावडं उचलून माती लोटायला लागले.