माकडहाड आणि खुर्ची

रविवारी सकाळी हेडक्लार्कनं पंख्याची पाती पुसायला घेतली. खरं तर पुसायची काही गरज नव्हती. पण बायको म्हणाली, "राहू द्या, तुमचं काम नाही ते," आणि इथेच त्याचं टाळकं सरकलं.

"स्टूल डुगडुगतंय. मी धरते."

"मला धरायला कोणी लागत नाही," हेडक्लार्क म्हणाला. (हे वाक्य संपलं तेव्हा तो स्टुलावर होता. पुढचं वाक्य सुरू झालं तेव्हा फरशीवर.)

राग पडल्याचा कमी आणि वेळेचा जास्त होता. साहेब मंगळवारी महिनाभराच्या रजेवर निघणार होते आणि आदल्या दिवशी, सोमवारी, त्यांच्या खुर्चीचा चार्ज हेडक्लार्ककडे येणार होता. फिरती, उंच पाठीची, हातांना रेक्झिन असलेली खुर्ची. नऊ वर्षं तो तिच्यासमोर उभा राहून सह्या घेत आला होता.

हाडांच्या डॉक्टरांनी त्याला पालथं झोपवलं, इकडेतिकडे दाबलं आणि मदतनीस बाईंना सांगितलं, "फीमर ठीक आहे."

"ताप नाहीच मला," हेडक्लार्क उशीत तोंड खुपसून गुरगुरला.

"मांडीच्या हाडाबद्दल बोलतोय मी. खुबाही ठीक आहे. मार बसलाय तो माकडहाडाला."

"कशाला?"

"माकडहाड. पाठीच्या कण्याचं अगदी खालचं टोक. शेपटीचा उरलेला भाग समजा."

"आमच्या घराण्यात शेपूट नव्हती कोणाला."

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. हेडक्लार्क आणखी भडकला. आयुष्यभर इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाच्या हाडाला माकडाचं नाव? दुसरं काही चांगलं नाव असेलच की. डॉक्टर म्हणाले, आहे, कॉक्सिक्स. हे मात्र त्याला पटलं. कॉक्सिक्स म्हटलं की दुखण्याला जरा वजन येतं.

"उद्याचा दिवस पडून राहा," डॉक्टर म्हणाले. "परवापासून उभं राहा, चाला. आठ दिवस बसायचं मात्र नाही."

"बसायचं नाही म्हणजे? कुठेच?"

"कुठेच."

सोमवारी पालथा पडल्या पडल्या त्यानं बायकोला ऑफिसात फोन करायला लावलं. वर बजावलं, "माकडाचं नाव काढायचं नाही. कॉक्सिक्स म्हण, आणि एक दिवसाची रजा सांग."

फोन टायपिस्ट बाईंनी उचलला. बायको म्हणाली, "आज ते येणार नाहीत. कॉक्सिक्स आहे."

"काका सिक आहेत? अरेरे. वय काय?"

"बावन्न," बायको म्हणाली. वय कशाला हवंय, हे तिला कळलं नाही. पण ऑफिसात काय काय विचारतात हे नवऱ्याच्या तोंडून तिनं ऐकलेलं होतं.

"कशानं झालं?"

"स्टुलावरून पडले."

"या वयात स्टुलावर कशाला चढायचं?"

"मीही तेच म्हणते."

"बघायला आहे ना कोणी?"

"मी आहे की."

टायपिस्ट बाईंनी रजेच्या वहीत लिहिलं: काका आजारी. मग नियम पाहिले. नियम हेडक्लार्कनंच करून भिंतीवर डकवले होते. आजारपणाची रजा आई, वडील, बायको, मुलं यांच्यासाठीच; काका, मामा वगैरे सबबी चालणार नाहीत. 'वगैरे'खाली दोन रेघा होत्या. तेव्हा रजा नामंजूर झाली आणि चार्ज ज्येष्ठतेनं पुढच्या माणसाकडे, म्हणजे खुद्द टायपिस्ट बाईंकडे गेला. संध्याकाळी त्यांनीच फोन करून हे कळवलं आणि काकांना जपायला सांगितलं.

हेडक्लार्क पालथाच ओरडत राहिला. बायकोवर, फोनवर, बाईंवर. पालथं पडून ओरडलं की आवाज गादीत जातो, याचाही त्याला राग आला.

मंगळवारी तो निघाला. रिक्षात बसता येईना म्हणून सीटवर गुडघे टेकून, मागे तोंड करून गेला. मागून येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघत होता आणि तो प्रत्येकाकडे डोळे वटारत होता.

साहेबांच्या खुर्चीत टायपिस्ट बाई बसल्या होत्या आणि साहेब निघायच्या तयारीत शेजारी उभे होते. "काका कसे आहेत?" त्यांनी मायेनं विचारलं.

"मला काका नाहीत, साहेब."

"अरेरे. गेले? कधी?"

"एकोणीस वर्षं झाली."

साहेबांचा चेहरा बदलला. "एकोणीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावावर काल रजा मागितलीत?"

"काकांचा संबंध नाही. कॉक्सिक्स आहे."

"तेच म्हणतोय मी. काका सिक."

"कॉक्सिक्स, साहेब."

"नीट समजेल असं बोला हो."

हेडक्लार्कचा तोल सुटला. "माकडहाड," तो गरजला. "माझं माकडहाड दुखावलंय."

बाहेरच्या सगळ्या कीबोर्डांची टकटक एकदम थांबली. टायपिस्ट बाई तोंडाला पदर लावून उठल्या, खुर्ची मोकळी करून म्हणाल्या, "मग तुम्हीच घ्या चार्ज. या, बसा."

"त्यांना बसता येणार आहे का?" साहेबांनी विचारलं.

"उभ्यानं घेईन," हेडक्लार्क म्हणाला. आणि घेतला.

साहेब गेले. हेडक्लार्क त्या खुर्चीशेजारी उभा राहिला, एक हात तिच्या पाठीवर ठेवून. तिला पुसून घेतलं, एकदा फिरवून पाहिलं. राग थोडा निवला. बाहेर कोणी तरी हसलं तसा पुन्हा चढला. त्यानं मनात ठरवलं, आता आत येईल त्याला पहिल्यांदा अधिकार दाखवायचा.

दार ढकलून एक जाडजूड गृहस्थ आले. मोकळ्या खुर्चीकडे पाहिलं, शेजारी ताठ उभ्या असलेल्या हेडक्लार्ककडे पाहिलं, आणि समोर बसत म्हणाले, "साहेब यायला वेळ आहे वाटतं. तोवर जरा पाणी आणा बघू."

हेडक्लार्कनं तोंड उघडलं. मग आपण का उभे आहोत हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, हे त्याच्या लक्षात आलं.

त्यानं पाणी आणून दिलं.