प्रेताचं पोट

नाटकाच्या तिसऱ्या अंकात कैलासवासींना एकच काम होतं: मरून पडायचं. नाटक मंडळीत त्यांना सगळे याच नावानं हाक मारत. आजवर त्यांनी पहारेकरी, गर्दीतला माणूस आणि एकदा तर पडद्यामागचा नुसता खोकला अशा भूमिका केल्या होत्या. अख्खा अंक प्रेक्षकांसमोर राहायचा योग पहिल्यांदाच आला होता. तो मेल्यावर आला, एवढीच काय ती उणीव.

त्यांनी जीव ओतून प्रेत उभं केलं, म्हणजे आडवं केलं. पण पहिल्याच प्रयोगात नायिकेनं हंबरडा फोडला, "तुम्ही गेलात, आता या घरात कसला आवाज म्हणून उरला नाही हो!" आणि पांढऱ्या चादरीखालून स्पष्ट उत्तर आलं, "गुर्रर्र... डुबुक!"

थिएटर हसून लोटपोट झालं. दिग्दर्शकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुढच्या प्रयोगाला पोट गप्प बसलं नाही, तर तुमच्या जागी पुतळा झोपवीन! त्याला भूक तरी लागत नाही!"

पुतळ्यानं आपली भूमिका पळवावी, याचं कैलासवासींना फार वाईट वाटलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जेवता कुठे? गिळता! पहिला घास पोचायच्या आत तिसरा तोंडात." सासूबाईंनी ओवा चावायला सांगितला, मेहुण्यानं सोडा प्यायला आणि शेजाऱ्यानं कडकडीत उपास करायला. कुणाचं मन का मोडा, म्हणून त्यांनी तिन्ही उपाय एकाच दिवशी केले. संध्याकाळच्या तालमीत पोटानं अशी काही लय पकडली की तबलजी कान टवकारून बसला.

शेवटी बायकोनं त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी पोट दाबून, ठोकून पाहिलं, तपासण्या करवल्या. त्यात काहीच निघालं नाही.

"जेवायची वेळ काय?"

"दिग्दर्शक सोडतील ती."

"झोप?"

"येते. तालमीत."

"काळजी कसली करता?"

"पोट वाजेल याची."

"म्हणूनच जास्त वाजतं!" बाई हसल्या. "पोट आणि डोकं शेजारी शेजारी राहतात. एकाच्या घरी भांडण झालं की दुसऱ्याची झोप मोडते. नुसत्या गोळ्यांनी हे भागायचं नाही. वेळेवर जेवा, नीट चावा, जेवल्यावर चाला, पुरेसं झोपा. जीव घाबरला की पोटातून सावकाश श्वास घ्या. आणि रोज सकाळी उठल्या उठल्या मला फोन करून पोटाची खबर द्या."

बायकोनं कारभार हाती घेतला. घास नीट चावल्याशिवाय दुसरा मिळेना. सकाळी कैलासवासी डोळे चोळत फोन लावत, "डॉक्टर, आज जरा अडलंय." मग हळूहळू, "डॉक्टर, आज ठीक झालं." पुढच्या प्रयोगापर्यंत पोट गरीब गाईसारखं वागू लागलं. आनंदाच्या भरात त्यांनी डॉक्टरबाईंना पहिल्या रांगेचा पास दिला.

तिसरा अंक सुरू झाला. कैलासवासींनी चादरीखाली पोटातून एक सावकाश श्वास घेतला, मग दुसरा. काळजी पळाली, अंग सैल पडलं आणि बिचाऱ्यांना गाढ झोप लागली.

एरवी नायिका रडता रडता त्यांचा हात हातात घेई आणि ते हळूच तिची बोटं दाबत. तिनं पुढचं वाक्य सुरू करायची ती खूण होती. आज हात लुळा पडला. तिनं चिमटा काढला. काही नाही. ती घाबरून ओरडली.

"अहो! अहो, उठा ना! हे काय भलतंच!"

हे नाटकात नव्हतं. तिचं खरंखुरं रडू पाहून थिएटरभर रुमाल निघाले.

"कुणी डॉक्टर आहे का हो इथे?"

डॉक्टरबाई पर्स सावरत धावतच रंगमंचावर चढल्या. नाडी पाहिली, खांदा गदागदा हलवला. "अहो, ऐकू येतंय का?"

कैलासवासींनी डोळे उघडले. समोर डॉक्टरबाई. म्हणजे सकाळ झाली असणार! ते ताडकन उठून बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"डॉक्टर, आज पोट एकदम साफ झालं!"

हशाचा असा काही स्फोट झाला की पडदा ओढणाऱ्याच्या हातून दोरीच सुटली. नायिकेनं आनंदानं कैलासवासींना मिठी मारली आणि लगेच पाठीत दोन धपाटेही घातले.

कैलासवासी विंगेत मान खाली घालून उभे राहिले. आता पुतळा येणार! दिग्दर्शक डोळे पुसत आला.

"हे वाक्य कुणी लिहिलं?"

"साहेब, चुकून... तोंडातून निसटलं."

"पुन्हा निसटू द्या. पुढच्या प्रयोगासाठी लोक तिकीटबारीवरून हलत नाहीत. हे वाक्य नाटकात राहील!"

कैलासवासींचे डोळे भरून आले. आयुष्यातलं पहिलं वाक्य! घरी जाऊन ते त्यांनी आरशासमोर हळू, मोठ्यानं, हुंदका देत असं म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तालमीत त्यांनी हात वर केला.

"साहेब, एक शंका आहे. हे वाक्य बोलताना या माणसाच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं? कृतज्ञता, की जुन्या दुःखाची सावली? आणि 'एकदम'च्या आधी मी थोडा थांबू का?"

दिग्दर्शकानं कोपरापासून हात जोडले.

"कैलासवासी, तुम्ही मेलेलेच बरे होतात!"