प्रधानवहिनींचा विंचाइट

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत प्रधानांकडे पाहुण्याला आधी दगड मिळतो, मग पाणी. "वजन बघा, वजन!" म्हणत ते एक काळा गोळा तळहातावर ठेवतात. तो पायरोल्युसाइट असला तर बोटं काजळ लावल्यासारखी होतात. 'दगड' म्हटलेलं मात्र खपत नाही. "खनिज म्हणा. तुमच्या मुलाला कोणी कार्टं म्हटलं तर चालेल?" माझ्या मुलाकडे पाहता मला चालतं, पण ते असो.

प्रधान भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणीवर भूवैज्ञानिक होते. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. हे टेम्पोभर ब्रॉनाइट, हॉलंडाइट आणि त्यांचे दुर्मिळ भाऊबंद घेऊन आले. चुकीचं नाव ते कुणाचंही सोडत नाहीत. मानपाड्याला एका वास्तुशांतीत होम चालू असताना स्वयंपाकघरात शिरून, ओटा ठोकून ओरडले, "ग्रॅनाइट सांगितलं तुम्हाला? अहो, हा गॅब्रो आहे!" यजमानांच्या हातात पळी होती. ती त्यांनी होमासाठीच वापरली, हा त्यांचा मोठेपणा.

आता इमारत पाडून नवी होणार. भाड्याच्या घरात हा पसारा मावणार नाही, म्हणून प्रधानांनी संग्रह एका कॉलेजला द्यायचं ठरवलं. कल्याणहून प्राध्यापिका आल्या. मलाही बोलावणं होतं, बहुधा माना डोलवायला. बाईंनी एकेक तुकडा भिंगाखाली धरला. "सर, अप्रतिम! सगळं घेते. काचेचं कपाट करू, वर तुमच्या नावाची पाटी." प्रधान खुर्चीतल्या खुर्चीत उंच झाले.

मग बाईंनी एक निळसर तुकडा उचलला. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'विंचाइट'. त्या हसल्या. "सर, हा तर भट्टीतला स्लॅग आहे. वितळून थिजलेला कचरा."

तेवढ्यात प्रधानवहिनी चहा घेऊन आल्या. "माझा दाखवलात का हो त्यांना? खाणीवर असताना मी शोधला तो. हे म्हणाले, फार थोड्या ठिकाणी सापडतो."

"काकू, खरं तर तो—"

"विंचाइट!" प्रधान इतक्या जोरात म्हणाले की कप हिंदकळले. वहिनी खूश होऊन बिस्किटं आणायला आत गेल्या.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "चुकीच्या नावाने नाही ठेवता येणार, सर. तेवढा वगळून बाकीचा द्या."

"वगळला तर ती कारण विचारेल. द्यायचा तर सगळा, आहे त्या नावांनी."

बाईंचा नाइलाज झाला; संग्रह न घेताच त्या निघाल्या. त्यांना रिक्षापर्यंत सोडून परतताना मी जिन्यात प्रधानांना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी भूवैज्ञानिक आहे, गाढव नाही. पहिल्या दिवशीच ओळखला." ते कठड्याला टेकले. "मी दिवसभर खाणीत. हिला तिथे बोलायला चिटपाखरू नाही. एका संध्याकाळी ओंजळीत धरून धावत आली. लग्न होऊन तिकडे गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. काय सांगणार होतो? कचरा?"

वरून हाक आली, "अहो, गेल्या का त्या? काय म्हणाल्या?"

प्रधानांनी घसा खाकरला.

"म्हणाल्या, एवढं दुर्मिळ खनिज सांभाळायची त्यांच्या कॉलेजची ऐपत नाही!"