तळाचा साका

नळीतलं मिश्रण पुन्हा पांढरं झालं, तेव्हा सरांनी ती उजेडाकडे धरून नाक मुरडलं. डीएनएच्या एका तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या होत्या आणि त्या नितळ पाण्यातच निघाल्या पाहिजेत, असा सरांचा हट्ट होता. प्रती निघाल्या तरच त्यांच्या प्रयोगशाळेतल्या तरुण मदतनीस मुलीची कंत्राटी नोकरी पुढे चालू राहणार होती.

"हात धुतेस ना?"

"हातमोजे असतात, सर."

"मग मोजे धूत जा."

तिने मोजे धुतले. पाणी बदललं, नळ्या बदलल्या. टेबलावर डबा खाणाऱ्या सहकाऱ्यावर संशय घेतला. त्याने डबा हलवला आणि तिच्याशी बोलणंही टाकलं. मिश्रण दुधाळच राहिलं. ती जितकं मन लावून काम करी, तितकं ते जास्तच पांढरं होई.

"मशीनमध्ये गरगर फिरव," सरांनी तोडगा काढला. "घाण तळाशी बसेल. वरचं ठेव, साका फेक."

तिने फेकला. वरच्या नितळ पाण्यात डीएनए औषधालाही सापडेना.

"अजून नीट साफ कर," सर म्हणाले.

शेवटी वैतागून तिने साकाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तिथे पाकळ्यापाकळ्यांचे गोल कण होते. डीएनएच्या प्रती निघताना पायरोफॉस्फेट नावाचं रसायन सुटत होतं, मिश्रणातल्या मॅग्नेशियमशी जुळून त्याचं खनिज बनत होतं आणि नवा डीएनए त्यातच गुरफटून तळाशी जात होता. म्हणजे काम जितकं चांगलं, तितका साका जास्त. आपली नोकरी ती आपल्याच हातांनी मोरीत ओतत होती. तिला रडू आलं नाही, संताप आला.

तिने कणांचा फोटो काढून दिला, तो सरांनी उजेडाकडे धरला.

"सुंदर आहे. हे फेकत कोण होतं?"

"मीच. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी घाण फेकायला सांगितली होती. ही घाण आहे का?"

नितळ पाण्यात प्रती काही निघाल्या नाहीत, म्हणून तिचं कंत्राट संपलं. सर गावोगाव त्या कणांवर व्याख्यानं देऊ लागले, आणि कणांच्या अभ्यासासाठी विभागात नवी जागा निघाली. तिने अपमान गिळून अर्ज केला. मुलाखतीला समोर सरच होते.

"या कणांवर काम केलंय?"

"ते सापडले मलाच, सर."

"ते असू दे. कण जपून ठेवायचा काही अनुभव?"

"नाही, सर."

खरं बोलल्याबद्दल सरांनी तिचं कौतुक केलं आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं.