धक्क्यावर कोण राहिलं?

हृदयाच्या व्यायामाला पहिल्या दिवशी मी सातबारा घेऊन गेले होते. हसा खुशाल. तेव्हा मी तरुण होते, त्रेसष्टची, आणि कुणाला काही विचारणं म्हणजे कमीपणा, असं मला वाटायचं.

झालं असं, की अँजिओप्लास्टीनंतर घरी सोडताना अलिबागच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘पुनर्वसन वर्गात नाव नोंदवावे.’ आमच्या गावाच्या जमिनी कंपनीसाठी गेल्या, तेव्हापासून पुनर्वसन हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुनर्वसन म्हणजे सातबारा, आधार कार्ड, दोन फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्स. मी ते सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर रबर लावलं आणि एसटीत बसले.

वर्गावरच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी पिशवी उघडली आणि बघतच राहिल्या. बाकीचे पेशंट छातीवर हात धरून हसले. टाके दुखत असणार, पण हसले. जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर एक सुकट अंगाचे म्हातारे पाय मारत होते. तेवढे एकटे हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “किती गुंठे, वहिनी?”

“बावीस.”

“मॅडम, ह्यांना खिडकीकडची सायकल द्या. बागायतदार हायेत.”

हे नाना. आगरदांड्याहून दिघीला माणसं नेणाऱ्या लाँचवर ते चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे लाँच तेच चालवायचे. पुढे बायपास झाली, मुलाने अलिबागला राहायला आणलं. खाडी सुटली, पण लाँच काही त्यांनी सोडली नाही. सायकलवर बसले की दोर सोडल्यासारखा हात करायचे आणि ओरडायचे, “धक्क्यावर कोण राहिलं?”

मग जो आला नसेल त्याचं नाव कुणीतरी सांगायचं. का आला नाही ते कळेपर्यंत नाना पायडल हलवायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही हलवू द्यायचे नाहीत. मॅडम घड्याळाकडे बघत उभ्या.

व्यायाम संपताना एकदम थांबू नका, पाय हळूहळू थांबवा, असं मॅडम रोज सांगायच्या. कोण ऐकतंय! नानांनी मात्र “दिघी आली, घाईत उतरू नका, लाँच डुलते!” म्हटलं की मोठमोठे रिटायर्ड हेडमास्तर सायकलची मूठ धरून जपून खाली उतरायचे. मीसुद्धा. एकदा तर मी पदर खोचून, पाण्यात पाय पडू नये तसा उचलून ठेवला.

ट्रेडमिलला मात्र त्यांनी कधी पाय लावला नाही. म्हणायचे, “जिमीन सरकते नि माणूस तिथंच. हे काय बरं लक्षण न्हाय.”

वर्ग तीन महिन्यांचा. नानांचे तीन महिने मी जायच्या आधीच, दोन वर्षांमागे संपलेले. मॅडम म्हणायच्या, “नाना, तुमचं झालं आता.” नाना म्हणायचे, “माझं झालं. लाँचचं कुठं झालं?”

गैरहजर माणसाला ते तिथल्या तिथे फोन लावायचे. कुणाची भातलावणी असायची, कुणाचा जावई आलेला असायचा. सगळ्यात जास्त लोक सांगायचे, आता बरं वाटतंय. त्यावर नाना खवळायचे. “बरं वाटतंय? मग काय अर्ध्या खाडीत उतरतोस?” दुसऱ्या दिवशी तो माणूस खाली मान घालून हजर.

मी पाच वेळा गेले आणि बंद केलं. कारण सांगायची लाज वाटते, पण आता एकाहत्तरची झाले, पायात बुटांचा तिसरा जोड आहे, तेव्हा सांगते. कारण बूटच. साडीखाली वर्गासाठी घ्यायला लावलेले पांढरेशुभ्र बूट घालून मी एसटी स्टँडवर उभी होते, तर समोरून विहीणबाई आल्या. मला नखशिखांत न्याहाळून म्हणाल्या, “काय हो, पोलीस भरतीला निघालात वाटतं?”

बूट दाराआड गेले. घरात मी जाहीर केलं, “एवढं काम करते, तोच माझा व्यायाम.” नानांचा फोन वाजायचा, मी वाजू द्यायचे.

चौथ्या खाड्याला नाना एसटीने थेट आमच्या ओटीवर. पाणी प्यायले, चहा प्यायले आणि म्हणाले, “कामच व्यायाम म्हणता ना? करा. मी बसतो.”

मीही इरेला पेटले. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. घरात नळ असून विहिरीवरून दोन कळशा आणल्या. मिक्सर समोर असताना पाट्यावर वाटण घेतलं. वरवंटा चार वेळा फिरवला आणि दम लागला, तशी डोळ्यांत खोबरं उडाल्याचं निमित्त करून भिंतीला टेकले. नाना बघत होते.

“सहा येळा थांबलात, वहिनी,” एवढंच म्हणाले.

मला राग आला. पकडलं गेलं की येतो तसला. मी फटकन बोलले, “नाना, लोकांच्या बायकांच्या मागे हिंडता, तुमच्या घरी कुणी वाट बघणारं नाही का?”

बोलले आणि जीभ चावली. नाना उठले, दाराआडचे बूट काढले, त्यांत कोळिष्टक धरलं होतं ते पंच्याने पुसलं, दोन्ही बूट माझ्या पायांशी नीट जोडून ठेवले आणि म्हणाले,

“व्हती की. माझ्याआधी तिचंच आपरेशन झालं. तिलाबी ह्याच वर्गाला धाडलं व्हतं. चार खेपा गेली नि म्हणाली, घरातलं काम काय कमी हाय? मी म्हटलं, व्हय, खरं हाय तुझं. मला भाकरी टायमावर मिळत व्हती ना. अख्ख्या गावाला हाका मारल्या, वहिनी, पण तू का राहिलीस धक्क्यावर, हे तिला काय मी इचारलं न्हाय. घाला बूट. साडेतीनची गाडी हाय.”