नात्यात नसलेला माणूस

लेख सख्ख्या मेव्हण्याचा होता, आणि तो छापायचा की नाही हे ठरवणारे संपादक होते प्रा. दिनकरराव. एवढ्यावरून घरात काय काय होऊ शकतं, हे लग्न झालेल्या कुठल्याही माणसाच्या ध्यानात येईल. दिनकररावांच्या ते आलं नाही, कारण त्यांचा स्वतःवर फार विश्वास होता.

त्यांच्या सेलूच्या कॉलेजातून दरवर्षी संशोधनाचं एक जर्नल निघायचं. आधीच्या संपादकांच्या काळात त्यात कुणाचंही काहीही छापून यायचं. दिनकररावांनी मात्र जर्नलला शिस्त लावली होती. लेखकाचं नाव झाकून लेख तज्ज्ञाकडे पाठवायचा आणि त्या तज्ज्ञाचं नाव लेखकाला मरेपर्यंत कळू द्यायचं नाही, असा त्यांचा खाक्या होता. आता मेव्हण्याचा, म्हणजे बन्सीधरचा, लेख परत पाठवला तर बायको शीलाबाई बोलायच्या बंद होणार. डोळे झाकून छापला तर जर्नलची इज्जत जाणार. दिनकररावांनी स्टाफरूममध्ये सरळ जाहीर करून टाकलं, "आपला पाव्हणा हाय, म्हणून मी निर्णयाला हात लावणार न्हाई. बाहेरचा रिव्ह्यूअर म्हणंल ते होईल. आन रिव्ह्यूअर असा आणतो, की ज्याचं लेखकाशी नखाइतकं नातं नसंल."

"सर, परभणी जिल्ह्यात?" त्यांचे सहकारी रामकिशन सरांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"का? जिल्ह्यात सगळे आपलेच भरलेत का?"

तसं निघालं खरं. लेख वालूरकडच्या शेळीपालनावर होता. जिंतूरच्या एका प्राध्यापकांकडे तो नाव झाकून पाठवला, तर त्यांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला, "बन्सीधरची तब्येत बरी हाय का? शेळ्यांचं वाचलं आन लगेच वळखलं. माझ्या साडूचा चुलतभाऊच की त्यो." दुसरे तज्ज्ञ मानवतचे. त्यांनी वालूरकडे नातं नसल्याचं फोनवर छातीठोकपणे सांगितलं, पण दिनकरराव लेख घेऊन घरी गेले, त्यांच्या मंडळी चहा घेऊन बाहेर आल्या आणि चहा संपायच्या आत त्या बन्सीधरच्या मावसबहीण निघाल्या. वर दिनकररावांना म्हणाल्या, "म्हंजे तुमी बी आमचे पाव्हणेच की. जेवूनच जा आता."

दिनकरराव जेवून आले, पण खचले नाहीत. फोनवर विचारलं की माणसं सवयीनं 'नाही' म्हणतात, तेव्हा तिसऱ्याची चौकशी आधी घरी जाऊन, मुळापासून करायची असं त्यांनी ठरवलं. हा तिसरा तज्ज्ञ म्हणजे परभणीचा भागवत. वय तिशीच्या आसपास, पशुपालनाच्या अर्थशास्त्रात पीएचडी आणि अभ्यासू म्हणून नाव असलेला. रविवारी दिनकरराव त्याच्या दारात हजर झाले. भागवत बाजारात गेला होता. घरी त्याच्या आई मालनबाई होत्या. त्यांनी पाणी दिलं.

अडचण अशी होती, की लेखकाचं नाव तर सांगायचं नव्हतं. 'बन्सीधर तुमचे कोण?' असं विचारलं की सगळंच फुटणार. म्हणजे नाव न घेता नातं तपासायचं, तर भागवतचं समदं गणगोतच विचारून काढावं लागणार. दिनकररावांनी बैठक मारली.

"मी एका कामासाठी भागवतरावांची चौकशी करायला आलोय. काय काम ते आत्ता सांगता यायचं न्हाई. तुमचं माहेर कोणतं?"

"पाथरीकडचं."

"आन भागवतरावांच्या आत्या कुठं दिल्या?"

"एक गंगाखेडला, एक पूर्णेला." मालनबाईंनी पदर सावरला.

"वालूरकडं कुणी पाव्हणे?"

"कुणीबी न्हाईत."

"चारठाण्याला?" दिनकररावांनी आपल्या सासुरवाडीचं नाव घेतलं.

"देवळं बघायला गेलतो यकदा. वळखीचं कुणी न्हाई तिथं."

"वा, लय चांगलं झालं," दिनकरराव मनापासून म्हणाले. मालनबाईंना जरा नवल वाटलं. आजवर आलेली माणसं ओळख निघाली की खूश व्हायची. हे गृहस्थ ओळख निघत नाही म्हणून खूश होत होते.

मग दिनकररावांनी भागवतचा स्वभाव विचारला. कुणाशी वैर आहे का, हाती घेतलेलं काम वेळेवर करतो का, कुणाच्या दबावाखाली येतो का, हेही विचारलं.

"दबाव? माझं बी ऐकत न्हाई त्यो," मालनबाई म्हणाल्या आणि लगेच सावरून घेतलं, "म्हंजे तसा गुणाचा हाय."

"मला असाच माणूस पायजे होता," दिनकरराव उठत म्हणाले.

"तुमच्या घरी कोण कोण असतंय?"

"मंडळी आन एक मुलगी. राजेश्री. एम.एस्सी. झालीय, सेलूलाच शाळेत शिकवती." बोलण्याच्या ओघात त्यांनी स्वतःचा आणि मंडळींचा असे दोन्ही फोन नंबरही देऊन टाकले. "पण आईसाहेब, हे आत्ताच कुणाला बोलू नका. सगळं होईस्तोवर झाकून ठिवावं लागतंय."

"ते काय मला कळत न्हाई का," मालनबाई म्हणाल्या आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या.

रात्री दिनकररावांनी भागवतला लेख पाठवला. भागवतनं आठवड्याच्या आत अभिप्राय धाडला, आणि तो चांगलाच झणझणीत होता. अभ्यासासाठी घरं कशी निवडली याचा पत्ता नाही. गावच्या बायकांची खरी नावं, त्यांच्या घरातल्या भानगडी त्यांना न विचारता छापल्यात. 'श्रीमती दगडाबाई यांच्या शेळ्या घटण्यामागे जावेशी झालेले भांडण हे प्रमुख कारण दिसते' या वाक्याखाली तर भागवतनं दोन रेघा ओढल्या होत्या. सध्याच्या स्वरूपात लेख छापू नये, असा शेवट होता. दिनकररावांनी शब्द दिल्याप्रमाणे अभिप्राय जसाच्या तसा, भागवतचं नाव तेवढं काढून, बन्सीधरला धाडला आणि फोन बंद करून झोपले.

त्यामुळे सकाळी फोन वाजला तो शीलाबाईंचा. तो ठेवून त्या जवळजवळ नाचतच बाहेर आल्या.

"अवो, इतकं चांगलं स्थळ बघून आलात आन मला पत्ता लागू दिला न्हाई?"

"कसलं स्थळ?"

"परभणीचं. मालनबाई म्हनल्या, तुमी आत्या-मावश्यांपासून समदं इचारून गेलात. येत्या रविवारी यायलेत ती मानसं. मी बन्सीधरला बी बोलावलंय. मामा नको का?"

दिनकररावांना खरं सांगायची सोय नव्हती. मी जर्नलसाठी गेलो होतो म्हणावं, तर बन्सीधरच्या बहिणीलाच रिव्ह्यूअरचा पत्ता दिल्यासारखं होणार. तिकडे परभणीत भागवतनं आईला सांगून पाहिलं होतं, की ते जर्नलचं काम असणार. त्यावर मालनबाई म्हणाल्या होत्या, "जर्नलसाठी कुणी आत्या इचारतंय का?"

रविवारी सगळे एका खोलीत बसले. राजेश्री पोहे देऊन दाराशी खुर्ची घेऊन बसली. तिनं आणि भागवतनं शाळेबद्दल चार वाक्यं बोलून घेतली आणि ती दोघांनाही बरी वाटलेली दिसली. दिनकररावांना आशा वाटू लागली होती, तेवढ्यात बन्सीधरनं पिशवीत हात घातला.

"भागवतराव, तुमी शिकलेले हाव. हे बगा, माझा पेपर. दाजींच्या जर्नलला दिलता. कुण्या गाढवानं नाव झाकून त्याची पार वाट लावलीय. तुमी वाचा आन सांगा, ह्यात काय चूक हाय?"

भागवतनं पहिलं पान बघितलं. मग दिनकररावांकडे बघितलं. दिनकररावांनी पोह्यांच्या बशीत मान घातली. आपल्याच घरात, लेकीच्या मामासमोर, आता या पोरानं गोड बोलावं म्हणून त्यांनी मनातल्या मनात देवाची करुणा भाकली, आणि त्याच वेळी तो गोड बोलला तर आपल्याला फार वाईट वाटेल हेही त्यांना कळलं.

"मामा, ही घरं कशी निवडली?" भागवतनं विचारलं.

"कशी म्हंजे? पाव्हण्या-रावळ्यांच्या घरी गेलतो. दुसऱ्याच्या दारात जाऊन शेळ्या किती म्हणून इचारलं तर लोक काय म्हणतील?"

"मग हा वालूरचा अभ्यास न्हाई. तुमच्या पाव्हण्यांचा झाला. आन दगडाबाईंना इचारलं होतं का, भांडणाचं छापू का म्हणून?"

"तिला काय इचारायचं? माझी मावशीच हाय ती."

"उद्या हे जर्नल त्यांच्या जावेनं वाचलं तर?"

बन्सीधरचा हात पोह्यांवरच थांबला. शीलाबाई पदराशी चाळा करू लागल्या. मालनबाई लेकाकडे असं बघत होत्या, की हेही स्थळ गेलंच म्हणायचं.

"हा पेपर असा छापू नये," भागवत म्हणाला. "नावं काढा, परक्यांच्या बी घरी जा, मग लय चांगला हुईल. तुमाला माहिती दांडगी हाय."

मग राजेश्री म्हणाली, "आई, चहा ठिवते. साखर किती घेतात इचार." शीलाबाईंना लेकीचा होकार ओळखायला तेवढं पुरलं. बन्सीधरनं लेख हळूच पिशवीत घातला आणि भागवतच्या पाठीवर थाप मारली.

"पोरगा लाखात एक हाय, ताई. त्या गाढवानं बी हेच लिवलं होतं, पण नावामागं लपून. ह्यानं तोंडावर सांगितलं. लगीन पक्कं समजा. आन दाजी, मी पेपर नीट करून पुन्ना देतो. या बारीला भागवतरावांकडंच पाठवा तपासायला."

"ते आता जमायचं न्हाई," दिनकरराव खोल आवाजात म्हणाले.

"का?"

"आता हे आपले पाव्हणे झाले."

बन्सीधर त्यांच्याकडे बघतच राहिला. एवढा शिकलेला माणूस असं काय बोलतो, हे त्याला काही केल्या उमगेना.

"दाजी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "पाव्हण्याकडं न्हाई पाठवायचं, तर मग कुणाकडं पाठवायचं?"