त्या बाईंनी काय विचारलं असेल

आमच्या बी विंगमधले खातू एक वर्षाआड परदेशी कॉन्फरन्सला जातात. जाताना दार आतून लावून घेतात.

थट्टा नाही. थंडीतला तो आठवडा आला की डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा कोट अंगावर चढतो. गणपतीत स्वयंसेवकांना वाटलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर खातू आपलं नाव लिहितात, तो गळ्यात अडकवतात आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात. ती खोली म्हणजे युरोप. भिंतीवरचं घड्याळसुद्धा तिथल्या वेळेवर. त्यामुळे मीरा रोडला जेवणाची पानं मांडली जातात तेव्हा खातू सकाळची न्याहारी मागतात. खातू वहिनी स्वयंपाकघरात, म्हणजे भारतात. कॉफीची सुटी झाली की त्या पडद्याआडून कप पुढे करतात आणि खातू "थँक्यू" म्हणतात. एरवी उभ्या संसारात त्यांनी हा शब्द वापरलेला नाही.

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई टाकीच्या सफाईच्या मीटिंगला बोलवायला आले आणि बेल वाजवत राहिले. आतून खातूंचाच आवाज आला, "खातूसाब बाहर गए हैं. शुक्रवार को आएंगे."

"तो फिर आप कौन बोल रहे हो?"

आत थोडा विचार झाला. मग उत्तर आलं, "वोही. लेकिन उधर से."

शुक्रवारी संध्याकाळी ते परत येतात. म्हणजे दार उघडून स्टेशनजवळच्या दुकानातून चॉकलेटचा डबा घेऊन येतात. वहिनी विचारतात, "प्रवास कसा झाला?"

"लांबचा पडतो," खातू म्हणतात आणि कोट उतरवतात.

बिल्डिंगला याची मोठी गंमत वाटते. मला वाटत नाही. का, ते सांगायलाच आज बसलोय.

खातू आणि मी भाईंदरच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये बरोबर होतो. मी खरेदी खात्यात, ते मशीनवर. मशीन म्हणजे प्लाझ्माचं. आर्गन नावाच्या वायूची एक ज्योत, सूर्याच्या अंगापेक्षा गरम. तिच्यात तुमच्या पाण्याचा बारीक फवारा सोडायचा. पाण्यात जो जो धातू असेल तो तो आपापल्या रंगाने उजळतो आणि मशीन ते रंग वाचतं. खातू म्हणायचे, "पाण्याला खरं बोलायला लावतो आपण." सकाळी चपला बाहेर काढून ते आत जायचे, काळ्या काचेतून बघत राहायचे आणि ज्योत लागली की हळूच म्हणायचे, "आली." वहिनींचं म्हणणं एवढंच, की घरी गॅस पेटवायला सांगितला तर या माणसाला लायटर सापडत नाही.

त्यांचा दुसरा शब्द 'ब्लँक'. कुठलाही नमुना तपासण्याआधी नुसतं शुद्ध पाणी मशीनला पाजायचं. त्यात जे दिसेल तो मशीनचा, बाटलीचा, आपल्या हातांचा मळ. तो नंतरच्या आकड्यातून वजा करायचा. हा नियम खातूंनी माणसांनाही लावला. साहेब माझ्यावर ओरडले की ते म्हणायचे, "ब्लँक वजा करा कदम. बायकोशी भांडून आलेत." माझ्या पुतणीला बघायला आलेला मुलगा फार गोड बोलला, तेव्हाही हेच. "आईसमोर बोललाय ना? मग ब्लँक वजा करा. उरलं काही, तर पुढे जा." काही उरलं नाही. पुतणी वाचली.

तर असे हे ज्योतवाले जगभरातून एक वर्षाआड कुठल्यातरी बर्फाच्या गावात जमतात. भाषणं होतात, आणि एका मोठ्या हॉलमध्ये प्रत्येकजण आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर छापून टांगतो. त्याला पोस्टर म्हणतात. आपल्या पोस्टरपाशी उभं राहायचं. येणारे-जाणारे वाचतात, थांबतात, प्रश्न विचारतात. खातूंना तेवढंच हवं होतं. भाषण नको, बक्षीस नको. कोणीतरी थांबावं.

पोस्टरसाठी त्यांनी कितीतरी रविवार भाईंदरपलीकडच्या, समुद्राकाठच्या डोंगरी गावात घालवले. बस पकडायची, विहिरी-विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि समुद्र जमिनीखालून किती आत आलाय ते ज्योतीला विचारायचं. तिथली एक म्हातारी त्यांना हसायची. "पानी गोड हाय. मशीन कशाला पायजे?"

पोस्टर स्वीकारलं गेलं. आणि त्याच वर्षी मशीनवाल्या कंपनीने आमच्या लॅबमधल्या एका माणसाला कॉन्फरन्सचं आमंत्रण दिलं. साहेबांनी बोलावून घेतलं. "खातू गेले तर इथे मशीन कोण चालवणार? कदम, तुम्ही जाऊन या. तुमच्यावाचून काही अडत नाही."

मी गेलो.

खातूंनी पोस्टर गुंडाळून लांब नळीत घातलं, तोंडाला टेप लावली आणि नळी माझ्या हातात दिली. विमानतळावर नाही, इथेच, रिक्षाच्या रांगेत. म्हणाले, "कोणी काही विचारलं तर लिहून आणा. उत्तर मी कळवीन."

हॉलच्या दारापर्यंत मी पोचलो होतो. आत शेकडो कागद टांगलेले, प्रत्येकासमोर माणसं, हातात कप, सगळ्यांचं फाडफाड इंग्रजी. माझं इंग्रजी कोटेशन मागवण्यापुरतं. मनात आलं, पोस्टर टांगलं आणि कोणी खरंच काही विचारलं तर? मी नळी काखेत धरून मागे फिरलो. पुढचे दिवस बर्फ बघितला, घरच्यांसाठी खरेदी केली. नळी हॉटेलच्या कपाटात उभी होती.

परत आलो तर खातू जिन्यात उभेच. "काय झालं?"

"गर्दी होती हो," मी म्हणालो. एकदा सुटलो तो सुटलोच. "एक म्हातारी बाई तर दोनदा आली. लाल शाल होती. मोठी प्रोफेसर असावी. तुमच्या पोस्टरसमोरून हलेना. म्हणाली, हे लिहिणारे कुठे आहेत? त्यांना एक गोष्ट विचारायची आहे."

"काय?"

"तांत्रिक होतं. मला काय कळतंय."

खातूंनी मान हलवली. नळी घेतली, वर गेले. पुढच्या कॉन्फरन्सच्या आठवड्यापासून त्यांनी दार आतून लावायला सुरुवात केली.

आणि जिन्यातले प्रश्न सुरू झाले. भाजीची पिशवी घेऊन चढताना ते मधल्या मजल्यावर थांबायचे. "कदम, बाईंनी आर्गनचा प्रवाह विचारला असेल का?"

"असेल."

काही महिन्यांनी, "छे, प्रवाह नाही. बाटल्या कशा धुतल्या ते विचारलं असणार."

"असेल."

एकदा माझ्या घरी पाहुणे जेवत होते तेव्हा दार वाजवून सांगून गेले, "सोडियम, कदम. शंभर टक्के सोडियम." पाहुण्यांनी विचारलं, यांची तब्येत वगैरे बरी आहे ना? मी आमटी वाढत राहिलो. मीच कालवलेलं मी गिळत होतो, इतकी वर्षं.

यंदा खातू रिटायर झाले आणि वहिनी पेढे घेऊन आल्या. "अहो भाऊजी, हे खरंच जातायत. मुलीने तिकीट काढलंय. मी तेवढे दिवस पुण्याला तिच्याकडे. आता म्हणे त्या शालवाल्या बाईंनाच गाठतो." पेढा माझ्या तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी वर गेलो. पलंगावर बॅग उघडी होती, तोच कोट घडी घालून ठेवलेला, शेजारी ती नळी. वहिनी चहाला आत गेल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. हॉलचं दार, हॉटेलचं कपाट, आणि लाल शाल कुठलीच नव्हती, हेही.

खातू मोजे गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "टेपचं एक टोक मी नेहमी दुमडून ठेवतो. काढणाऱ्याला सोपं पडावं म्हणून. तुम्ही नळी परत दिलीत तेव्हा दुमड तशीच होती."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं मला विचारत का राहिलात?"

"तुम्ही 'असेल' म्हणायचात. एकदा जरी 'काय कटकट आहे' म्हणाला असतात ना, तर थांबलो असतो." पुढे म्हणाले, "बाई वजा केल्या हो मी पहिल्याच दिवशी. पण कदम जिन्यात थांबतात, तेवढं उरलं. लॅबमध्ये, घरी, बिल्डिंगमध्ये, हे बोलायचं कोणाशी? शहाभाईंशी?"

मी नळी उघडली. पोस्टर पलंगावर पसरलं, कोपऱ्यांवर स्टीलचे पेले ठेवले आणि वाचायला लागलो. खरं सांगतो, त्या कागदाबरोबर मी विमानातून गेलो आणि आलो, पण तो वाचत होतो पहिल्यांदाच. निम्मं कळलं नाही. मात्र खाली डोंगरीचा नकाशा होता, विहिरींचे ठिपके होते, जिथे समुद्र शिरलाय तिथे लाल, गोड पाण्याला निळे. लाल ठिपके जमिनीवर बरेच आतपर्यंत गेले होते. आणि अगदी किनाऱ्यालगत, सगळ्या लाल ठिपक्यांच्याही पुढे, एकच निळा.

"खातू," मी म्हणालो, "ही समुद्राला इतकी चिकटून आहे. मग हिचं पाणी गोड कसं?"

खातूंनी हातातले मोजे खाली ठेवले. चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला, परत घातला. वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या.

"ती त्या म्हातारीची विहीर," ते म्हणाले. "मला नाही माहीत, कदम. खूप डोकं लावलं. तिकडे हेच तर विचारायचं होतं मला कोणालातरी. त्यासाठीच जायचंय."

ते गेले. या वेळी कुलूप बाहेरून आहे. तिथल्या घड्याळाप्रमाणे आत्ता त्यांची कॉफीची सुटी असेल आणि पोस्टरपाशी कोणी थांबलं असेल किंवा नसेल. मी भाजी घेऊन वर चढतो आणि मधल्या मजल्यावर आपोआप थांबतो. खाली मोठा खडक असेल का, त्याने समुद्र अडवला असेल? की डोंगरावरून एखादा गोड झरा थेट तिथेच उतरत असेल?

'असेल' म्हणायला जिन्यात कोणी नाही.